घरीच राहायचंय: नाशिकच्या ज्येष्ठांना मिळणाऱ्या मदतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात आम्ही काही जण मदतीचं काम बघतो. फोन येतात ते बहुतेक मुलामुलींचे, पुण्याहून, मुंबईहून, परदेशातून. काही थेट आजी-आजोबांचेही. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून काढली. आमचं मत आधीच सांगतो: मदत थोडी घ्या, पण लवकर घ्या. माणूस पडल्यावर, दवाखान्यातून स्ट्रेचरवर घरी आल्यावर जी व्यवस्था घाईघाईत उभी राहते, ती त्या माणसाला विचारून केलेली नसते. हातपाय चालत असताना दिवसातून दोन तासांची मदत सुरू झाली, तर पुढे ती वाढवणं सोपं जातं आणि घरावर ज्याचा त्याचा ताबा राहतो.

वडील पंचवटीत एकटे राहतात, मी पुण्याला. सुरुवात कुठून करू?

त्यांच्या दिवसापासून. पुढच्या वेळी घरी याल तेव्हा दोन दिवस काहीही न सुचवता नुसतं बघा. खुर्चीतून उठताना कशाचा आधार घेतात? अंघोळीला किती वेळ लागतो? गोळ्यांच्या पाकिटांत कुठल्या गोळ्या जास्त उरल्यात? फ्रीजमध्ये काय कधीचं आहे, वीजबिल भरलंय का, भाजीला कोण जातं? मग विचारा, "बाबा, यातलं तुम्हाला स्वतःच करायचंय असं काय आहे?" कोणाला सकाळचं दूध आणायला जायचं असतं, कोणाला पूजा आणि फुलं. ते काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. ते जमत राहावं म्हणून बाकीचं हलकं करायचं.

त्यानंतर फोनजवळ एक कागद लावा, अक्षरं मोठी. १०८ म्हणजे रुग्णवाहिका, मोफत. ११२ म्हणजे पोलीस व इतर तातडीची मदत. १४५६७ म्हणजे ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन, सकाळी ८ ते रात्री ८, तीही मोफत. आणि सगळ्यात वर शेजाऱ्यांचा नंबर, कारण सगळ्यात आधी पोहोचणार ते तेच. घराची एक किल्ली त्यांच्याकडे असू द्या.

एल्डरलाइनवर फोन केला तर नेमकं काय होतं?

योजना, कायदा, पेन्शन याबद्दल माहिती मिळते, मन मोकळं करायला माणूस मिळतो. कोणाला घरातून काढलं असेल, छळ होत असेल किंवा कोणी रस्त्यावर बेवारस सापडलं असेल, तर कार्यकर्त्यांमार्फत प्रत्यक्ष मदतही होते. मराठीत बोलता येतं. कुटुंबातली तक्रार असेल तर तो फोन खुद्द आजी-आजोबांना एकांतात करू द्या.

आई म्हणते, "मला घरात कोणी परकं नको." काय करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तिचं म्हणणं आधी खरं माना. चाळीस वर्षं जिने स्वतःचा ओटा स्वतः पुसला, तिच्या स्वयंपाकघरात अनोळखी बाई येऊन डबे हलवते, हे सोपं नाही.

आमच्या अनुभवात उपयोगी पडतं ते असं: मदतनीस "तुझ्यासाठी" म्हणून आणू नका, एखाद्या कामासाठी आणा. पोळ्या करायला, केस धुऊन द्यायला, गुरुवारी बाजारात सोबत जायला. एक काम, एक ठरलेली वेळ. मुलाखत आईनेच घ्यावी आणि नापसंत असेल तर नाही म्हणायचा हक्कही तिचाच. महिनाभरात ती त्या बाईंच्या मुलांच्या शाळेची चौकशी करायला लागली की समजा, जमलं. आणि नाहीच जमलं, तर बाई बदला, विषय सोडू नका.

एक गोष्ट मात्र करू नका. आईला न सांगता घरात कॅमेरे बसवू नका. दारात किंवा हॉलमध्ये तिच्या संमतीने ठीक. झोपायच्या खोलीत आणि न्हाणीघराकडे तोंड करून अजिबात नाही.

मावशी किंवा मामा, म्हणजे घरी येऊन सांभाळणारे मदतनीस, कुठून मिळतात? ब्युरोमधून घ्यावं की ओळखीतून?

दोन्ही मार्ग चालतात. नर्सिंग ब्युरोमधून घेतलं तर एक जण सुटीवर गेला की दुसरा पाठवण्याची जबाबदारी ब्युरोची असते. पैसे थोडे जास्त जातात आणि माणसं वारंवार बदलतात. ओळखीतून मिळालेली व्यक्ती टिकते, पण ती आजारी पडली की तुमची पंचाईत. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा रुग्णसहायक अभ्यासक्रम केलेली माणसं नाशिकमध्ये मिळू शकतात, विचारून बघा.

ठरवताना या गोष्टी कागदावर घ्या: बारा तास की चोवीस, जेवण कोणाचं, महिन्याच्या सुट्या किती, सण कोणते, पगार कोणत्या तारखेला, आगाऊ रक्कम द्यायची की नाही. कामात काय येतं तेही लिहा. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, भरवणं, चालायला धरणं, डायपर बदलणं ही आया-मावशींची कामं. इन्सुलिनचं इंजेक्शन, नाकातली नळी, कॅथेटर बदलणं, जखमेचं ड्रेसिंग ही शिकलेल्या नर्सची. पैसे वाचवायला ही कामं मावशींवर टाकली जातात, आणि चुकलं की दोष त्यांच्यावर येतो. हे योग्य नाही.

आधार कार्डाची प्रत आणि फोटो घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करा. दागिने, पासबुक, एटीएमचा पिन यांपासून मदतनिसाला लांब ठेवणं तुमच्याइतकंच तिच्याही हिताचं आहे, म्हणजे उद्या काही हरवलं तर संशयाचं बोट तिच्याकडे जात नाही. आणि तिला बसायला खुर्ची, प्यायला पाणी, दुपारी अर्धा तास पाठ टेकायला जागा द्या. चोवीस तासांची मदतनीस म्हणजे चोवीस तास जागी राहणारी नव्हे.

जेवणाचं काय?

घरपोच डबा नाशिकमध्ये जवळजवळ प्रत्येक भागात मिळतो, पोळीभाजी केंद्रंही भरपूर आहेत. डबेवाल्या ताईंना आधीच सांगा: तिखट कमी, मीठ कमी, भात मऊ, पोळी लुसलुशीत, साखर असेल तर बटाटा आणि गोड रोज नको. एकट्या माणसाने दुपारच्या डब्यातलंच रात्री खायचं असं ठरवलं की हळूहळू रात्रीचं जेवण चहा-बिस्किटावर येतं, हे लक्षात ठेवा. वजन महिन्यातून एकदा बघा.

आजोबांना जिना उतरवत नाही. डॉक्टर घरी येतात का?

काही फॅमिली डॉक्टर येतात, फिजिओथेरपिस्ट तर सर्रास येतात, आणि रक्ताचे नमुने घरून नेणाऱ्या लॅब आहेत. महापालिकेच्या शहरी आरोग्य केंद्रात आणि 'आपला दवाखाना'मध्ये रक्तदाब, साखर तपासून गोळ्या मोफत मिळतात, तिथल्या आशाताईंना घरी झोपून असलेल्या माणसाबद्दल सांगून ठेवा. दाखल करायची वेळ आली तर जिल्हा रुग्णालय, कथड्याचं डॉ. झाकिर हुसेन रुग्णालय, नाशिक रोडचं बिटको ही सरकारी-महापालिकेची ठिकाणं. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांसाठी शालिमारजवळचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय.

जुन्या नाशकात, रविवार कारंजा, सराफ बाजार, भद्रकालीच्या बोळांत राहणाऱ्यांना एक खास सांगणं. रुग्णवाहिका वाड्याच्या दारापर्यंत येत नाही. ती कुठे उभी राहील, तिथून वाड्यापर्यंत कोण धावत येईल आणि अरुंद लाकडी जिन्यावरून माणसाला खाली कसं आणायचं, हे आज ठरवा. हातांची मजबूत प्लास्टिक खुर्ची आणि चार तरुण हात लागतात. त्या चौघांची नावं त्याच फोनजवळच्या कागदावर लिहा.

घरात कोणते बदल करावेत?

बाथरूमपासून. पडणं तिथेच जास्त. भिंतीत पक्के बसवलेले स्टीलचे धरायचे दांडे (टॉवेलच्या रॉडला धरू नये, तो उपटून हातात येतो), खरखरीत फरशी किंवा रबरी मॅट, बसून अंघोळीला स्टूल, भारतीय पद्धतीचं संडास असेल तर कमोड खुर्ची. कडी आतून लावू नये, हे पटवायला वेळ लागतो. तरी पटवा. पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा. सैल पायपुसणी आणि सतरंजीच्या दुमडलेल्या कडा काढून टाका.

नाशिकची थंडी विसरू नका. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा पहाटे पाचला उठून थंडगार फरशीवरून अंघोळीला जाण्याचा हट्ट अनेक आजोबांना महागात पडतो. पूजेची वेळ तासाभराने पुढे गेली तर देव रागवत नाही. गोल्फ क्लबवर फिरायला जाणाऱ्यांनीही त्या दोन महिन्यांत उजाडू द्यावं.

व्हीलचेअर, वॉकर, हवेची गादी विकतच घ्यावी लागते का?

नाही. रुग्णोपयोगी साहित्य अनामत ठेवून नाममात्र भाड्याने देणारी केंद्रं आहेत. जनकल्याण समितीची अशी केंद्रं महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात, काही ज्येष्ठ नागरिक संघ आणि सेवाभावी मंडळंही साहित्य ठेवतात. खुबा मोडला आणि तीन महिन्यांसाठी पलंग हवाय, अशा वेळी आधी तिथे विचारा. काम झालं की वस्तू धुऊन-पुसून परत करा, मागे कोणीतरी थांबलेलं असतं.

झोपून असलेल्या माणसाला हवेची गादी लावली तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. कंबर, टाचा, खांद्याची मागची बाजू रोज बघा. लालसर डाग दिसला आणि तो दाबूनही पांढुरका होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

सरकारी योजनांतून काय मिळतं?

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर एकदा ३,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी. खरेदीचं बिल जपून ठेवा, ते सादर करायचं असतं. चौकशी समाजकल्याण विभागाकडे, म्हणजे नाशिक-पुणे रस्त्यावर नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात.

श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. उत्पन्नाची अट फार कडक आहे, वर्षाला २१,००० रुपयांच्या आत. शहरात पेन्शन नसलेल्या अनेक विधवा आजी या रेषेच्या किंचित वर राहून कशातच बसत नाहीत. ही मर्यादा वाढायला हवी, असं आम्हाला मनापासून वाटतं. अर्ज तहसील कार्यालयात. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका, पैसे बंद होण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

७० वर्षांवरच्यांचं पाच लाखांचं कार्ड खरंच सगळ्यांना आहे?

हो, उत्पन्नाची अट नाही. आयुष्मान वय वंदना कार्ड, २९ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू. आधारवर ७० वर्षं पूर्ण असली की पुरे. कुटुंबासाठी वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून. देवळालीतल्या माजी सैनिकांना ईसीएचएस (त्यांची आरोग्य योजना) किंवा हे कार्ड यांतलं एक निवडावं लागतं. खाजगी मेडिक्लेम असेल तरी कार्ड काढता येतं.

दोन गोष्टींबद्दल लोकांचा गैरसमज होतो. हे कार्ड दवाखान्यात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, घरच्या मावशींचा पगार किंवा रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत. आणि ते सगळ्या रुग्णालयांत चालत नाही, यादीतल्याच. त्यामुळे घराजवळचं यादीतलं रुग्णालय कोणतं, हे तब्येत बरी असतानाच शोधून ठेवा.

पेन्शन आणि बँकेच्या कामांसाठी वडिलांना रांगेत उभं करावं लागतं.

आता फारसं लागत नाही. हयातीचा दाखला जीवन प्रमाण या आधारवर चालणाऱ्या डिजिटल पद्धतीने घरूनच देता येतो, पोस्टमनमार्फतही, थोडं शुल्क देऊन. बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ओळखत नाही, आणि आजोबा ओशाळे होतात. अशा वेळी चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय वापरा, उजेडात बसवा आणि चष्मा काढा. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या ईपीएस-९५ (भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन) वाल्यांनी नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही. वर्षात कधीही द्या, तिथून एक वर्ष चालतो.

पोस्टमन आधारवर आधारित पद्धतीने घरी रोख रक्कमही देतो. शिवाय ७० वर्षांवरच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्याव्यात, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलं आहे. शाखेत लेखी मागा.

फोनवरून कोणीतरी "तुम्हाला अटक होणार" म्हणून घाबरवतं.

फोन ठेवा. फोनवरून अटक करण्याची कोणतीही पद्धत कायद्यात नाही. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर कळवा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आणि आई-वडिलांवर ओरडू नका. ओरडलात तर पुढचा फोन आल्यावर ते तुम्हाला सांगणार नाहीत.

मुलगा म्हणतो, आत्ताच घर माझ्या नावावर करा, मग बघतो तुमचं.

बक्षीसपत्र करू नका, निदान घाईने तरी नाही. मृत्युपत्र करा. ते हयातीत कधीही बदलता येतं.

करायचंच ठरलं, तर "आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर" असं दस्तात स्पष्ट लिहून घ्या. २००७च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यातल्या कलम २३ प्रमाणे, अट मोडली तर असा व्यवहार रद्द करून घेता येतो. अट लिहिलेली नसेल तर वाद वाढतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशी अट दाखवावी लागेल असं म्हटलं, तर जानेवारी २०२५ मध्ये एका आईच्या बाजूने निकाल देताना कायद्याचा अर्थ उदारपणे लावला. तुमचं म्हातारपण अशा निकालांच्या फरकावर कशाला ठेवायचं?

याच कायद्याखाली पोटगीही मागता येते, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात, साध्या कागदावर, स्वतः किंवा एखाद्या संस्थेमार्फत. नोटीस गेल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो. मूलबाळ नसेल तर ज्या नातेवाइकाला तुमची मालमत्ता मिळणार आहे, त्याच्याकडून मागता येते. आपल्याच मुलाविरुद्ध कागद लिहिताना हात थरथरतो, हे आम्ही पाहिलंय. पण अनेकदा नुसती नोटीस गेल्यावर घरातलं बोलणं बदलतं.

एकट्या राहणाऱ्यांची पोलिसांकडे नोंद करतात का?

करा. आपल्या हद्दीतल्या एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवावी, अशी ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या नियमांत पोलीस ठाण्यांवर जबाबदारी आहे. स्वतः जाऊन नाव द्या.

आजी हल्ली विसरते, मध्येच घराबाहेर पडते.

आधी डॉक्टर. विसरण्याला "वय झालं" म्हणून सोडू नका, कारण थायरॉइड, बी-१२ची कमतरता, लघवीचा संसर्ग, नैराश्य यांनीही माणूस गोंधळतो, आणि ते बरं होण्यासारखं असतं.

स्मृतिभ्रंश ठरलाच, तर घर बदलू नका, भांड्यांच्या जागासुद्धा बदलू नका. गॅसचा कॉक सिलिंडरपाशी बंद ठेवा. गळ्यातल्या माळेत किंवा हातात नाव आणि फोन नंबर असलेली पट्टी घाला. कोपऱ्यावरचा भाजीवाला, रिक्षा थांबा, देवळातले गुरुजी यांना फोटो दाखवून सांगून ठेवा. अशी माणसं बहुधा जुन्या ओळखीच्या जागी जायला निघतात. माहेरच्या वाड्याकडे, पूर्वीच्या शाळेकडे, गंगेवर म्हणजे गोदाकाठी. शोधायला सुरुवात तिथून करा, आणि एकीकडे ११२ ला लगेच कळवा.

मीच सासूबाईंचं सगळं करते. आता मलाच होत नाही.

ताई, हे बोललात ते बरं झालं. आठवड्यातली एक दुपार तुमची, हे घरात जाहीर करा. त्या वेळी नवरा, दीर, नणंद, कोणीही बसेल, आणि कोणीच नसेल तर तासावारी मावशी. बाहेर राहणाऱ्या भावंडांनी पैसे पाठवले की आपला वाटा झाला असं धरू नये. वर्षातून पंधरा दिवस येऊन त्यांनी स्वतः करावं, म्हणजे रात्री तीनदा उठणं काय असतं ते कळतं. झोप उडाली, सारखं रडू येतं, राग आवरत नाही, असं असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत आहे.

ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन नुसत्या गप्पाच होतात ना?

गप्पा होतात, आणि त्यासाठीच या. विरंगुळा केंद्रात रोज येणारे काका दोन दिवस दिसले नाहीत तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्यांच्या दारात जातं. ही व्यवस्था कोणत्याही ॲपमध्ये मिळत नाही.

पावसाळ्यात आणि सिंहस्थात काय काळजी घ्यावी?

गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर (पुराची पातळी त्यावरून मोजतात) पाणी चढायला लागलं की गोदाकाठच्या घरांतल्या ज्येष्ठांना वेळेत हलवा, उजेड असताना. महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस आली असेल तर ती फायलीत ठेवून देऊ नका, जूनआधी दुसरी सोय बघा.

२०१५च्या सिंहस्थात पर्वणीच्या, म्हणजे मुख्य स्नानाच्या दिवशी रामकुंड परिसरात वाहनं बंद होती, २०२७ मध्येही तसंच गृहीत धरा. पंचवटीत राहणाऱ्या डायलिसिसच्या रुग्णांनी पर्वणीच्या तारखांना शहराच्या दुसऱ्या टोकाला नातेवाइकांकडे राहायला जावं. महिन्याच्या गोळ्या आठवडाभर आधी भरा, आणि मावशींना त्या दिवसांत घरीच मुक्कामाला राहता येईल का, ते विचारा.

बाहेरगावी जायचं असेल तर?

एसटीत ७५ वर्षांवर राज्यभर मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट. महिलांना वय कितीही असो, अर्धं. वयाचा पुरावा जवळ हवा. शहर बससेवेला ही सवलत लागू नाही.

आईला मतदान केंद्रापर्यंत नेता येत नाही.

८५ वर्षं पूर्ण असतील तर लोकसभा आणि विधानसभेला घरून मतदान करता येतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत १२-डी अर्ज द्यावा लागतो. आपल्या भागातल्या बीएलओंना (मतदार यादीचं काम बघणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना) आधीच सांगून ठेवा, अर्ज घेऊन ते घरी येतात.